मी काढलेले छायाचित्र आणि नलिनीचा उजवा पाय

डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच वर उचलला आणि नलिनी किंचाळली. त्याआधी ती तीन तास कण्हत होती, पण हा आवाज वेगळा होता. डॉक्टरांनी प्रथम तिच्या पायाखालच्या दोन्ही उशा काढून टाकल्या. मग प्लॅस्टरच्या पट्टीवरचे बँडेज कात्रीने वरपासून खालपर्यंत कापले, पोटरी दाबून पाहिली आणि माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाले, "थिएटर तयार करा. पाणीसुद्धा द्यायचं नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "हा कम्पार्टमेंट सिंड्रोम आहे. दुखणं कधी वाढलं?"

"चार वाजल्यापासून," मी म्हणालो. तेव्हा सात वाजत आले होते.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

मी बाहेरच्या व्हरांड्यात होतो, हे मी त्यांना सांगितले. तेथे काय करत होतो, हे सांगितले नाही.

कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणजे काय, हे त्या संध्याकाळपूर्वी मला ठाऊक नव्हते. आपल्या पोटरीतले स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत गुंडाळलेले असतात. हाड मोडले, आत रक्त साचले, सूज आली, तरी तो पडदा ताणला जात नाही. कप्प्यातला दाब वाढतो, स्नायूंना आणि नसांना रक्त मिळेनासे होते, आणि काही तासांत ते मरू लागतात. पाऊल गरम लागते, घोट्याजवळची नाडीही लागते, म्हणून घरच्यांना वाटते सर्व ठीक आहे. मलाही तसेच वाटले होते. खूण एकच, आणि ती रुग्णाच्या तोंडून येते: दुखणे मोडलेल्या हाडाच्या मानाने फार जास्त असते, औषधाने कमी होत नाही, आणि बोटे ताणली की असह्य होते.

हे सारे मी लिहितो आहे ते अशा घरांसाठी, जिथे आज कोणाचा तरी पाय स्लॅबमध्ये, म्हणजे प्लॅस्टरच्या पट्टीत, आहे आणि शेजारी बसलेला माणूस म्हणतो आहे, "थोडं सोस. हाड मोडलंय, दुखणारच." मी हेच वाक्य त्या दुपारी चार वेळा बोललो.

आता मागचे सांगतो.

मी हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या महापालिका कार्यालयात उपयंत्री होतो. उपयंत्री म्हणजे खात्यातला सर्वांत खालचा अभियंता. रस्ते, नळ आणि नाल्यांची कामे प्रत्यक्ष पाहणारा. त्या सकाळी माझ्या वॉर्डात दोन ठिकाणी पाइपलाइनसाठी खड्डे खोदलेले होते, एक शनवाऱ्यात आणि एक सिंधीपुऱ्यात. नियमाप्रमाणे प्रत्येक खड्ड्याभोवती बॅरिकेड हवे, आणि त्याचे स्थळ-वेळ छापलेले छायाचित्र रोज फाइलला लागते. बॅरिकेडची जोडी मात्र ठेकेदाराकडे एकच होती. त्यातल्या एकाचा पाय मोडलेला, त्याला तारेने बांबू बांधलेला.

म्हणून आमची एक रीत पडली होती. पहिल्या खड्ड्यावर बॅरिकेड उभे करायचे, छायाचित्र घ्यायचे, लोडिंग रिक्षात टाकायचे, दुसऱ्या खड्ड्यावर न्यायचे, पुन्हा छायाचित्र घ्यायचे. कागदावर दोन्ही खड्डे सुरक्षित होत. ही रीत मी सुरू केली नव्हती. पण तीन वर्षे मी ती पाळली, आणि तीन वर्षांत एकदाही दुसरी जोडी मागणारे पत्र लिहिले नाही. पत्र लिहिले की वर बोलावणे येते, आणि वर जाण्याचा मला कंटाळा असे. माझ्या कंटाळ्याला याहून मोठे कारण मला सापडलेले नाही.

सिंधीपुऱ्यात छायाचित्र घेऊन झाले, तेवढ्यात ठेकेदाराच्या मुकादमाला फोन आला. तो मला म्हणाला, "साहब, शनवारेवाले गड्ढे में कोई मॅडम गिर गई."

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? मी प्रश्न विचारलाच नाही. मी म्हणालो, "पहले बॅरिकेड वापस लगाओ वहाँ."

रिक्षा गेल्यानंतर माझा फोन वाजला. शनवाऱ्यातला एक दुकानदार बोलत होता, आणि मागून नलिनीचा आवाज येत होता. ती राजपुऱ्यातल्या आमच्या घरून शाळेत निघाली होती. प्राथमिकच्या मुलांना ती बावीस वर्षे शिकवते. धावून आलेल्या माणसांचे लक्ष तिला वर काढण्याकडे होते. खड्ड्याच्या कडेला मागाहून कोणी बॅरिकेड आणून ठेवले, ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

एक्स-रेमध्ये टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर निघाले. गुडघ्याखालच्या मोठ्या हाडाचा जो सपाट माथा असतो, ज्यावर शरीराचा भार पडतो, तो दोन तुकड्यांत फुटला होता. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरल्याशिवाय प्लेट टाकता येत नाही. तोपर्यंत स्लॅब. दुखणं वाढलं, पाय टणक लागला, बोटं बधिर झाली, तर क्षणभर थांबू नका."

चार वाजता नलिनी म्हणाली, "अहो, पट्टी फार आवळली आहे. कोणाला तरी बोलवा ना." मी पायाखाली दुसरी उशी दिली. मला ती काळजी वाटली. नंतर कळले की अशा वेळी पाय फार उंच केला तर आतला रक्तपुरवठा आणखी घटतो.

साडेचार वाजता कार्यालयातून कार्यपालन यंत्र्यांचा, म्हणजे माझ्या साहेबांचा फोन आला. त्यांनी नलिनीची विचारपूस केली. मग म्हणाले, "महाजनजी, सुबह की फोटो अभी भेज दीजिए. फाइल पूरी रहनी चाहिए, आगे कुछ भी हो सकता है."

मी व्हरांड्यात गेलो. छायाचित्र कशासाठी हवे आहे, हे मला कळत होते. तसे कळले नाही असे म्हणण्याची सोय मी बरेच महिने स्वतःला दिली होती. आता ती काढून घेतो. मी छायाचित्र पाठवले. मग त्यांनी छायाचित्राखाली लिहायचा मजकूर विचारला, मी सांगितला. मग जुनी दोन छायाचित्रे मागितली, तीही शोधून दिली. आतून तिची हाक दोनदा ऐकू आली. मी तेथूनच म्हणालो, "आलो, थोडं सोस."

त्या संध्याकाळी फॅसिओटॉमी झाली. पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरे देऊन आतले पडदे उघडतात, म्हणजे कोंडलेल्या स्नायूला जागा मिळते. जखम लगेच शिवत नाहीत, उघडीच ठेवतात. ड्रेसिंग करताना मला आत थांबू देत. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे पाहिले, दुसऱ्या दिवशी जखमेकडे. काही भाग लाल होता, एक पट्टा करडा. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो करडा भाग काढून टाकला आणि म्हणाले, "पाय वाचला. नस किती वाचली, ते वेळ सांगेल."

पुढे मांडीची कातडी काढून तेथे लावली. मग जळगावला नेऊन प्लेट बसवली. वॉकर आला. जखमा भरल्या, पण पाऊल वर उचलेना. एनसीव्ही नावाची तपासणी केली. नसेतून विजेचा हलका झटका पाठवून तो किती वेगाने पोचतो ते पाहतात. तो फारसा पोचतच नव्हता. याला फूट ड्रॉप म्हणतात. चालताना पाऊल लोंबते, पुढचा भाग जमिनीला घासतो. त्यासाठी एएफओ घालावा लागतो, म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा साचा, जो पाऊल काटकोनात धरून ठेवतो.

नलिनीने एका वकीलबाईंमार्फत न्यायालयात भरपाईचा दावा करायचे ठरवले, तेव्हा मी तिला थांबवू पाहिले. "मी तिथं नोकरीला आहे. कसं दिसेल?"

"तुमची नोकरी तुम्ही सांभाळा," ती म्हणाली. "पाय माझा आहे."

कार्यालयाचे लेखी उत्तर आले. त्यात लिहिले होते की वादीने सुरक्षिततेसाठी लावलेले बॅरिकेड स्वतः बाजूला सारून जवळच्या वाटेने जाण्याचा प्रयत्न केला, आणि अपघात तिच्या निष्काळजीपणामुळे झाला. शेवटी माझे छायाचित्र जोडलेले होते. कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. काढणाऱ्याचे नाव नव्हते.

नलिनीने ते बराच वेळ पाहिले. "हा फोटो कोणी काढला?"

"ऑफिसातल्या कोणीतरी."

"अहो, पण तिथं काही नव्हतं. असतं तर मला दिसलं नसतं का?"

मी अगदी हळू आवाजात, डॉक्टर बोलतात तसे म्हणालो, "धक्क्यात माणूस विसरतो, नलू. तुझ्या लक्षात आलं नसेल."

या लेखात मला ज्याची सर्वांत अधिक लाज वाटते ते वाक्य हे आहे. मी आवाज चढवला नाही, खोटा साक्षीदार उभा केला नाही. मी केवळ मऊ बोललो. माझ्या मऊ बोलण्याचे लोक आजवर कौतुक करत आले आहेत.

शहर लहान आहे. शाळेत बातमी पोचली की मॅडमने बॅरिकेड हटवून उडी मारली. एका पालकाने हसत म्हटले, "बाई, पोरांना रांगेत चालवता आणि स्वतः शॉर्टकट?" तिने त्याला तिथल्या तिथे सुनावले. पण घरी आल्यावर ती खुर्चीत बसून राहिली आणि मला म्हणाली, "त्या दिवशी मी कोणत्या बाजूनं गेले होते?" हा प्रश्न ती पुढे वारंवार विचारू लागली. डोळे मिटून ती गल्ली आठवायची: पिठाची गिरणी, मग लोखंडी गेट, मग? कधी म्हणायची, नव्हते. कधी म्हणायची, पिवळे काहीतरी होते बहुतेक. ते पिवळे तिने छायाचित्रात पाहिलेले होते.

मी हे सारे शेजारी बसून ऐकले. आठ महिने.

मग कार्यालयाने तडजोडीचा प्रस्ताव पाठवला. लोक अदालतीत प्रकरण मिटवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या अटींवर न्यायाधीशांसमोर सह्या करायच्या. उपचार आणि पुढील व्यायाम यांचा भार ते उचलणार होते. मसुद्यात दुसऱ्याच ओळीत लिहिले होते: वादीच्या स्वतःच्या चुकीने अपघात घडला असला तरी केवळ मानवतेच्या भूमिकेतून.

मला खात्री होती की नलिनी तो कागद फाडेल. तिने चष्मा लावला, वाचला आणि पेन मागितले.

"ती ओळ वाचलीस का?" मी विचारले.

"वाचली. लिहू द्या त्यांना." ती एएफओचा पट्टा सैल करत होती. "सारलं असेल मीच. रोज मुलांना सांगते, रस्ता बघून चाला. आता मलाच माझी खात्री नाही, तर कोणाशी भांडू?"

नलिनी माझ्याशी भांडते, दूधवाल्याशी भांडते, शिक्षणाधिकाऱ्यांशी भांडलेली आहे. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकल्यावर मला प्रथमच समजले की त्या खड्ड्याने तिचे पाऊल नेले आणि बाकीचे मी नेतो आहे.

मी म्हणालो, "तिथं बॅरिकेड नव्हतं. मी ते उचलून सिंधीपुऱ्याला नेलं होतं. फोटो मीच काढला. तू पडल्यावर परत लावायलाही मीच सांगितलं."

तिने पेन खाली ठेवले. मग अत्यंत साध्या आवाजात विचारले, "मी पडले आहे हे माहीत होतं तेव्हा?"

"नाही. कोण पडलं ते विचारलंच नव्हतं."

"म्हणजे दुसरी कोणी असती तर तुम्ही हे कधीच बोलला नसता."

ते खरे होते.

"आणि त्या दिवशी मी हाका मारत होते, तेव्हा बाहेर काय करत होता?"

"फोटो पाठवत होतो."

तिने चष्मा काढून डबीत ठेवला. "आठ महिने मला वेडी ठरवलंत. तेही किती गोड बोलून." मग म्हणाली, "मला नका सांगू हे. माझ्याजवळ रडायला तर मुळीच येऊ नका. वकीलबाईंना फोन लावा आणि कागदावर सांगा."

वकीलबाईंनी सर्व ऐकून घेतले. "महाजन साहेब, शपथपत्र दिलंत तर तुमच्यावर चौकशी बसेल. घरी जाऊन विचार करा."

नलिनी म्हणाली, "त्यांचा विचार करून झालाय. आठ महिने करत होते."

शपथपत्रात मी आमची ती रीत जशीच्या तशी लिहिली. सोबत त्याच सकाळचे सिंधीपुऱ्याचे छायाचित्र जोडले. दोन्ही छायाचित्रांत तारेने बांबू बांधलेले तेच बॅरिकेड होते आणि वेळेत वीस मिनिटांचेही अंतर नव्हते. नलिनी पडली ती वेळ दुसऱ्या छायाचित्राच्या नंतरची होती. मुकादमाला मी दिलेला हुकूमही लिहिला. ते वाक्य टंकलेखकाने दोनदा विचारून घेतले.

त्यानंतर कार्यालयात माझ्याशी कोणी उघड भांडले नाही. माझ्या टेबलावर चहा येणे थांबले. मी आत गेलो की बोलणे थांबे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढली होती, एवढेच म्हणाला, "भाऊ, तुम्ही तुमचं मन हलकं केलं. आमच्या घरात कमावणारे आम्हीच आहोत." साहेबांनी बोलावून घेतले. "फोटो भी आपकी, हलफनामा भी आपका. बताइए, हम किस महाजन को सच मानें?"

मी म्हणालो, "दुसऱ्याला, साहेब." ते हसले नाहीत. मला निलंबित करण्यात आले, विभागीय चौकशी सुरू झाली, आणि ती अजून चालू आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सहकाऱ्याच्या बोलण्यात तथ्य होते, हेही मला लिहिले पाहिजे.

लोक अदालतीच्या दिवशी सभागृह भरलेले होते. कार्यालयाच्या वकिलांनी नवा मसुदा पुढे केला. चूक कबूल करणारे वाक्य त्यांनी घातले नव्हते. ते घालणार नाहीत असे वकीलबाईंनी आधीच सांगितले होते. परंतु बॅरिकेड वादीने सारले हा लेखी उत्तरातला संपूर्ण परिच्छेद ते मागे घेत असल्याचे स्पष्ट लिहिले होते. न्यायाधीशांनी विचारले, "मॅडम, मान्य आहे का? कोणाचा दबाव?"

"दबाव नाही," नलिनी म्हणाली. "ते वाक्य गेलं, एवढं मला हवं होतं." तिने सही केली. मग त्या परिच्छेदाची प्रत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिक्षक-खोलीत नेऊन सर्वांना वाचून दाखवली.

तिने मला क्षमा केलेली नाही. जेवण एका टेबलावर होते, बोलणे कामापुरते होते. पायाच्या व्यायामाला मी तिला नेतो, कारण रिक्षातून उतरताना आधार लागतो. तो आधार ती रिक्षाच्या दांडीचा घेते. मी पूर्वी समजत असे की चूक कबूल केली की माणूस मोकळा होतो. तसे काही झाले नाही. झाले ते इतकेच की नलिनीला तिची आठवण परत मिळाली. आता ती कोणाला विचारत नाही की मी कोणत्या बाजूने गेले होते. त्यासाठी मी वकीलबाईंचा आणि सर्वांत अधिक तिच्या त्या अखेरच्या थकव्याचा ऋणी आहे, ज्याने मला बोलायला लावले. रुग्णाजवळ बसणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: तो जे सांगतो ते आधी खरे माना. पाय आवळतो म्हणाला तर आवळतो. तिथे काही नव्हते म्हणाला तर नव्हते.

गेल्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या बाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. नलिनीच्या पलीकडे तापीकाठच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्या बाई गुडघा धरून बसल्या होत्या. त्यांनी एएफओकडे पाहिले.

"कशानं झालं हो ताई हे?"

"खड्ड्यात पडले. शनवाऱ्यात."

"अगं माय. कोणी झाकला नव्हता?"

नलिनीने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "हे होते ना झाकणारे. फोटो काढला आणि गेले."

बाईंना ती नवरा-बायकोची थट्टा वाटली. त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून थांबल्या. "खरं का हो दादा?"

"खरं आहे," मी म्हणालो.

त्यांनी आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि नलिनीकडे जराशा सरकल्या. आतून नलिनीचे नाव पुकारले गेले. ती काठी टेकत उठली, तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि एकटी आत गेली.